फडतऱ्यांच्या घड्याळाची पारख

सांगलीत हरभट रोडवरून आत वळलं की एका बोळात, भांड्यांच्या दुकानाला खेटून, पाच बाय सहाची एक जागा आहे. तिथं गुणमाला तवनाप्पा मगदूम गेली शेहेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतात. सगळा बाजार त्यांना गुणाक्का म्हणतो. वय त्रेसष्ट, अंगानं शेलाट्या, डोळ्यांवर चष्मा आणि तो कपाळावर सरकवला की एका डोळ्यात भिंग.

हे काम त्यांच्याकडं आलं ते वडिलांच्या हातांना कंप सुटला म्हणून. तवनाप्पा मगदूम म्हणजे सांगली-मिरजेत नाव असलेला कारागीर. एकोणऐंशी साली त्यांच्या उजव्या हाताची बोटं थरथरायला लागली. घड्याळजीचा हात गेला म्हणजे सगळं गेलं. अकरावीत शिकणारी मुलगी डबा घेऊन दुकानात यायची. एके दिवशी तवनाप्पा तिला म्हणाले, "गुणा, एवढा स्क्रू बसव गं जरा." तिनं बसवला. दुसऱ्या दिवशी दोन बसवले. सहा महिन्यांत असं झालं की तवनाप्पा शेजारी बसून नुसतं सांगायचे आणि हात चालायचे ते मुलीचे. गिऱ्हाइकांना बरीच वर्षं वाटत राहिलं की पोरगी बापाला मदत करते. खरं तर बाप पोरीला मदत करत होता.

स्थळं आली. मुलगी दुकानात बसते हे नुसतं ऐकूनच दोन मुलांकडच्यांनी नकार कळवला. तिसरं जयसिंगपूरचं. पाहुणे पोहे खाऊन झाल्यावर म्हणाले, मुलगी पसंत आहे, पण लग्नानंतर दुकानात बसणं बंद. गुणाक्का आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मग तुमचं घड्याळ बंद पडल्यावर तुमी कुणाकडं जाणार?" पाहुणे उठले. त्या संध्याकाळी दुकान बंद करताना तवनाप्पांनी आपलं चांगलं जर्मन भिंग लेकीच्या खणात ठेवलं.

पुढं तवनाप्पा गेले. सेलवर चालणारी घड्याळं आली, मग मोबाइल आले. चावीची घड्याळं दुरुस्त करणारे एकेक करून रिक्षा चालवू लागले, मोबाइलची कव्हरं विकू लागले. गुणाक्का टिकल्या. सेल घालणं, पट्टा बदलणं, काच बसवणं यावर पोट भरायचं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखादं जुनं चावीचं घड्याळ आलं की तो दिवस सणाचा. नवीन माणूस दुकानाशी थांबून हमखास विचारायचा, "कारागीर कुठं हाय?" गुणाक्का मान वर न करता म्हणायच्या, "बसलाय की ओ समोर."

दोन हजार एकोणीसच्या महापुरात कृष्णेचं पाणी त्या बोळात छातीच्या वर चढलं. पाणी ओसरल्यावर अख्ख्या सांगलीची भिजलेली घड्याळं त्यांच्याकडं आली. लग्नातली, निरोप समारंभातली, मेलेल्या माणसांच्या हातातली. दोन महिन्यांत त्यांनी तीनशेच्या वर घड्याळं उघडली. पाणी घड्याळात कुठून शिरतं, तबकडीवर कसं पसरतं, डाग आधी कुठं धरतो आणि कुठं धरतच नाही, हे त्या दोन महिन्यांत त्यांना जेवढं कळलं, तेवढं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसेल. त्या वेळी मात्र त्यांना ते शिक्षण वाटलं नाही. नुसते हाल वाटले.

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. शनिवार होता. सकाळी दहाच्या सुमारास पासष्टीचा एक उंच माणूस दुकानासमोर येऊन उभा राहिला. ताठ पाठ, बारीक कापलेले पांढरे केस, पायात लष्करी पॉलिश केलेले बूट.

"घड्याळवाल्या बाई तुमीच का?"

"मीच. बसा की ओ."

तो बसला नाही. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्यानं काउंटरवर ठेवली. "ह्ये खरं हाय का खोटं, एवढंच सांगा."

त्याचं नाव लालासाहेब फडतरे. रहिमतपूरजवळच्या एका गावचा. मराठा पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, आता ऊस आणि आलं करतो. त्याचे वडील गुंडा फडतरे हेही त्याच पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आलेले. तिथं ते सिग्नलचं काम करायचे. हे घड्याळ त्यांचं.

"आबा सांगायचं, लढाई संपल्यावर सरकारनं शिल्लक माल विकाय काढला, तवा पगारातनं कापून ह्ये घेतलं. जल्मभर हातात व्हतं. आनि काल..."

काल कराडात त्याचा पाणउतारा झाला होता. तिथं एका सभागृहात जुन्या वस्तूंचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरलंय; नाणी, तिकिटं, घड्याळं. नात शिवांजलीनं मोबाइलवर बघितलं आणि म्हणाली, आजोबा, पणजोबांचं घड्याळ दाखवून या की. तिथं पुण्याहून आलेला ऋषिराज नावाचा एक व्यापारी बसतो. घड्याळांतला मोठा जाणकार, मोबाइलवर त्याचे व्हिडिओ हजारो लोक बघतात. त्यानं घड्याळ उघडलं, पन्नास माणसांसमोर माईकवर सांगितलं, "काका, हे जोडकाम आहे. तबकडी अंधारात चमकत नाही, म्हणजे ती नवीन रंगवून चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलीय. झाकण दुसऱ्याच घड्याळाचं आहे. आणि साध्या शिपायाला असलं घड्याळ मिळतच नव्हतं. वडिलांनी गोष्ट छान रचली होती." लोक हसले. नंतर बाजूला घेऊन म्हणाला, शोभेला ठेवीन, दीड हजार देतो.

"पैशाचं न्हाई ओ," लालासाहेब म्हणाले. "माझ्या बापाला पन्नास मानसांत खोटा ठरवला त्यानं."

गुणाक्कांनी विचारलं, "आणि मी पण खोटंच म्हणाले तर?"

लालासाहेबांनी पुरचुंडी त्यांच्यापुढं सरकवली. "तर बापानं पोराला गोष्ट सांगितली म्हणायचं. काय करनार? पर तुमी नीट बघून सांगा."

"ठेवून जावा. मंगळवारी या."

"उद्या सांजच्याला परदर्शन संपतंय. म्या हितंच बसतो."

आणि ते खरंच बाहेरच्या स्टुलावर बसले, पहाऱ्यावर बसावं तसे.

गुणाक्कांनी आधी नाकाला रुमाल बांधला. अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळांत रेडियम असतं, त्याची धूळ पोटात जाणं वाईट, हे तवनाप्पांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मग घड्याळ पालथं केलं. पोलादी झाकणावर तीन इंग्रजी अक्षरं, खाली आकडा आणि वर एक छोटा बाण. इंग्रज सरकारच्या मालकीची ती खूण. पट्टा अडकवायच्या दांड्या कायमच्या डाख दिलेल्या, लढाईत निसटू नयेत म्हणून. इथवर सगळं जागच्या जागी.

मग सुलटं केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. काच नवीन, प्लॅस्टिकची. चावी पिवळट, कुठल्या तरी दुसऱ्या घड्याळाची. आणि मोठा काटा तर सरळसरळ चुकीचा. तासकाटा रुंद, पोकळ, आत रेडियम भरलेला. मिनिटकाटा मात्र काडीसारखा बारीक. तबकडीवर तपकिरी डाग. बघणाऱ्याला जोडकामच वाटावं. तासभर त्यांनी नुसतं न्याहाळलं. बाहेर बसलेल्या माणसाला काय सांगायचं याची जुळवाजुळव मनात सुरू झाली. ऋषिराज काही मूर्ख नव्हता, हे त्यांना कळत होतं. वरवर बघून त्यांनीही तेच म्हटलं असतं.

पण वरवर बघून सांगायची त्यांना सवय नव्हती. जेवणाचा डबा तसाच ठेवून त्यांनी झाकण उघडलं, चावी सोडवली आणि मशीन केसमधून, म्हणजे पोलादी डबीतून, बाहेर काढलं. भिंगाखाली धरलं. तबकडीचा अगदी कडेचा, डबीच्या ओठाखाली झाकला जाणारा दोऱ्याएवढा बारीक गोल दिसला, आणि त्या ताठ बसल्या.

तो गोल स्वच्छ होता. दुधासारखा पांढरा.

पुराच्या घड्याळांत त्यांनी हेच तीनशे वेळा पाहिलं होतं. तबकडी केसमध्ये बसलेली असताना ओल शिरली तर ती चावीच्या भोकातून येते. डाग त्या बाजूनं सुरू होतो, पुढं विरळ होत जातो, आणि जिथं केस तबकडीला घट्ट दाबून बसलीय तिथं पोहोचतच नाही. तबकडी सुटी काढून चहाच्या पाण्यात बुडवली असती तर कडसुद्धा तपकिरी झाली असती. ह्या तबकडीवरचे डाग तीनच्या आकड्याजवळ, चावीपाशी दाट होते आणि नऊकडं जाता जाता संपत होते. हा चहा नव्हता. माणसाच्या मनगटाचा घाम होता आणि साताऱ्याकडचा चाळीस वर्षांचा पावसाळा.

त्यांनी काटे उतरवले. मग तबकडी उजेडात तिरकी केली, आणि आणखी एक गोष्ट दिसली. मधल्या भोकापासून निघालेल्या दोन पुसट तांबूस सावल्या. एक चारच्या अलीकडं, एक दहावर.

"लालासाहेब," त्यांनी हाक मारली. "ह्यो मोठा काटा कुणी बदलला?"

लालासाहेब स्टुलावरून उठले. गुन्हा कबूल करावा तसे म्हणाले, "म्याच. दोन हजार नऊ साली, धाकट्या पोराच्या लग्नात घालायचं म्हणून साताऱ्यात दुरुस्तीला टाकलं. काटा मोडला व्हता. त्यांनी काटा, काच, चावी बदलली."

"त्याच्या आधी किती वर्षं बंद होतं?"

"आबा गेलं सत्त्याऐंशीत. तवापास्नं ट्रंकेत."

"म्हणजे बावीस वर्षं. आणि त्या ट्रंकेत ते चारला दहा कमी असताना थांबलेलं होतं."

"तुमास्नी कसं ठावं?"

गुणाक्कांनी त्यांना आत बोलावून भिंग दिलं. रेडियम भरलेला काटा एकाच जागी वर्षानुवर्षं उभा राहिला की खालचा रंग भाजतो. काट्याची सावली तबकडीवर उमटते, आणि ती पुसता येत नाही, रंगवताही येत नाही. लहान सावली आत्ताच्या तासकाट्याशी तंतोतंत जुळत होती. मोठी सावली मात्र रुंद होती, त्याच घडणीची, आता नसलेल्या जुन्या मिनिटकाट्याची.

"तुमच्या वडिलांचा काटा गेला," गुणाक्का म्हणाल्या, "पण तो होता, हे तबकडीनं लिहून ठेवलंय. घड्याळ खरं हाय, लालासाहेब. तुमचे आबा खोटं बोलले न्हाईत."

तो उंच माणूस त्या पाच बाय सहाच्या जागेत वाकून भिंगातून बघत राहिला. किती तरी वेळ. मग डोळा पुसून म्हणाला, "भिंगानं पानी येतंय डोळ्याला."

"येतंय की. सुरुवातीला सगळ्यांनाच येतंय," गुणाक्का म्हणाल्या.

गुणाक्का तसं कागदावर लिहून द्यायला निघाल्या, तर लालासाहेबांनी हात जोडले. "कागदाला त्यो हसंल. म्हनंल, बोळातल्या बाईनं काय तरी लिवलंय. तुमी उद्या कराडला चला."

गुणाक्का चार माणसांसमोर कधी बोलल्या नव्हत्या. जैन बस्तीत, देवळातल्या महिला मंडळात दोन शब्द बोलायला सांगितलं तरी त्या मागच्या दारानं सटकायच्या. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि का कुणास ठाऊक, बाहेर शब्द पडले ते, "किती वाजता निघायचं?"

रविवारी दोघं एसटीनं कराडला उतरले. रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, त्यामुळं पोहोचायला दुपार झाली. सभागृह भरलेलं होतं. पुढच्या टेबलामागं ऋषिराज, चाळिशीचा, इस्त्रीचा खादी कुर्ता, बोलणं गोड. शेजारी घड्याळांवरचं जाडजूड परदेशी पुस्तक, कॅमेरा लावलेला सूक्ष्मदर्शक आणि मागं मोठा पडदा. छोट्यात छोटी वस्तू त्यावर सगळ्यांना दिसायची.

लालासाहेबांना बघून तो हसला. "या काका! दीड हजारावर विचार केला का?"

"न्हाई. ह्या गुणाक्का. सांगलीच्या. ह्यांचं म्हननं हाय घड्याळ खरं हाय."

ऋषिराजनं त्यांच्याकडं पाहिलं. सुती लुगडं, हातात कापडी पिशवी. "मावशी, आपण कुठल्या संस्थेकडून?"

"कुठल्याच न्हाई. दुरुस्ती करते."

मागं कुणी तरी हसलं. गुणाक्कांनी बोलायचा प्रयत्न केला, पण पाठ केलेलं एक वाक्य आठवेना. मग त्यांची नजर टेबलावर हिरव्या कापडावर ठेवलेल्या हत्यारांवर गेली. स्क्रूड्रायव्हर, चिमटे, झाकण उघडायची चावी. त्या सरळ पुढं झाल्या, खुर्चीवर बसल्या, रुमाल बांधला, आणि घड्याळ हातात घेतलं. हातात घड्याळ आलं आणि बाकीचं सभागृह लांब गेलं.

"तुमी तीन गोष्टी सांगितल्या," खाली बघतच त्या म्हणाल्या. "एक एक बघू या. पहिली, झाकण दुसऱ्याचं. का?"

"बाहेरचा नंबर आणि आतला नंबर जुळत नाही," ऋषिराज म्हणाला.

"जुळायचाच न्हाई. आतला नंबर कारखान्याचा. बाहेरचा लष्कराच्या कोठाराचा. माझ्या वडिलांकडं तासगाव-विट्याकडचे पेन्शनर असली घड्याळं घेऊन यायचे. नऊ-दहा तरी मी उघडलीत. एकाचाही जुळत नव्हता. तुमच्याकडं ते परदेशी पुस्तक हाय, त्यात फोटो असतील. बघा की."

ऋषिराजनं पुस्तक उघडलं. पानं उलटली. एका पानावर थांबला, दुसऱ्यावर थांबला. सभागृह वाट बघत होतं. "बरोबर आहे," तो हळू म्हणाला. माईक चालू असल्यामुळं ते सगळ्यांनी ऐकलं.

"दुसरी, रेडियम चमकत न्हाई म्हणून नवीन रंग, असंही तुमी म्हणालात म्हणे."

"हो. अस्सल असतं तर अंधारात चमकलं असतं."

"ऐंशी वर्षांनी? रेडियम जिवंत राहतंय, पण त्याच्याबरोबरचा रंग केव्हाच जळून जातो. आज लख्ख चमकलं असतं तर मी म्हणाले असते, नवीन लावलंय."

आता कुणी हसत नव्हतं. गुणाक्कांनी मशीन केसमधून बाहेर काढलं. त्यांचे हात इतके स्थिर होते की पडद्यावर दहापट मोठी दिसणारी बोटंही हलत नव्हती. त्यांनी तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, आणि तो दुधासारखा पांढरा गोल भिंतीएवढा होऊन पडद्यावर उमटला.

"ही केसखाली झाकलेली कड. चहात बुडवलेली तबकडी कडेला अशी राहते का?"

त्यांनी काटे उतरवले, उजेड तिरका केला. दोन तांबूस सावल्या पडद्यावर आल्या. समोरच्या रांगेतून "अरे!" असा आवाज उठला, आणि मागची माणसं उभी राहिली. ऋषिराज आपल्या जागेवरून उठून पडद्याजवळ गेला. बराच वेळ त्या मोठ्या सावलीकडं बघत राहिला. तो जाणकार होता, त्याला पुढं समजावून सांगायची गरज पडली नाही.

"आणि तिसरी गोष्ट," लालासाहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून वडिलांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे पलटणीतून सुटताना मिळालेली नोंदवही, काढून टेबलावर ठेवलं. "सिपाई व्हतं, पर सिग्नलवालं सिपाई. सिग्नलवाल्याला घड्याळ लागतंय, सायेब. येळंशिवाय सिग्नल कसा द्यायचा?"

ऋषिराजनं ते वाचलं. मग त्यानं माईक उचलला, पण बोलायच्या आधी गुणाक्कांनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं. टेबलावर विक्रीला ठेवलेल्या घड्याळांपैकी एकाकडं बोट करून त्या कानात काही तरी पुटपुटल्या. साठ हजारांची चिठ्ठी लावलेलं ते घड्याळ, तबकडीवर सगळीकडं एकसारखा तपकिरी डाग असलेलं. ऋषिराजनं ते उचललं, उघडून भिंगाखाली तबकडीची कड बघितली, आणि गुपचूप खणात टाकलं. त्याची कड तपकिरी होती. मुंबईत कुणी तरी त्यालाच फसवलं होतं. ही गोष्ट गुणाक्कांनी माईकवर सांगितली असती तर सभागृहानं त्याला तिथंच सोलून काढलं असतं. पण एका माणसाचा पन्नास माणसांत पाणउतारा झाल्यामुळंच तर त्या कराडला आल्या होत्या. दुसऱ्याचा करायला त्या आल्या नव्हत्या.

ऋषिराजनं माईक तोंडाजवळ धरला. "परवा मी याच जागेवरून म्हणालो होतो की हे घड्याळ खोटं आहे आणि ही गोष्ट रचलेली आहे. मी चुकलो. घड्याळ अस्सल आहे. गुंडा फडतरे यांनी सांगितलं ते खरं होतं. काका, मी तुमची आणि तुमच्या वडिलांची माफी मागतो." आणि तो वाकला. लालासाहेबांनी त्याला मधेच धरलं. टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

टाळ्या थांबल्यावर पहिल्या रांगेतले एक डॉक्टर उभे राहिले. कराडचेच, घड्याळांचे शौकीन. "मी साठ हजार देतो. आत्ता."

"डॉक्टर, साठ देऊ नका," गुणाक्का म्हणाल्या.

सगळे चमकले. लालासाहेबही.

"मोठा काटा, काच, चावी, तिन्ही बदललेली हायत. सगळं मूळचं असतं तर पन्नास. असं हाय तसं पस्तीस. सोबत हे डिस्चार्ज बुक हाय म्हणून चाळीस. चाळीसच्या वर मागणारा खोटा आणि पस्तीसच्या खाली देणारा पण खोटा."

डॉक्टर हसत सुटले. "मावशी, विकणाऱ्याच्या बाजूनं आलात ना तुम्ही?"

"मी घड्याळाच्या बाजूनं आले."

लालासाहेब आता खळखळून हसले, दोन दिवसांत पहिल्यांदा. "आवं पर इकायचं कुनाला हाय? मला नुसतं कळाय पायजे व्हतं."

कागद गुणाक्कांनी तिथंच लिहून दिला. काय मूळचं, काय बदललेलं, रास्त किंमत काय. खाली सही. ऋषिराजनं विचारलं, दर महिन्याला माझी घड्याळं तुमच्याकडं पाठवली तर बघाल का? गुणाक्का म्हणाल्या, "बघीन. पण माझं मत तुमाला आवडंलच असं न्हाई." तो म्हणाला, "म्हणूनच पाठवतोय." आणि त्यानं शब्द पाळला. गेल्या सहा महिन्यांत पुणे, कोल्हापूर, बेळगावहून घड्याळं त्या बोळात येतात. ऋषिराजच्या व्हिडिओत आता "सांगलीच्या गुणाक्कांनी तपासलेलं" असं एक वाक्य असतं, आणि ते वाक्य असलं की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही.

पण त्या रविवारी एवढ्यावर भागलं नाही. लालासाहेबांनी त्यांना सांगलीच्या गाडीत बसूच दिलं नाही. म्हणाले, माझ्या म्हाताऱ्या आईला तोंडानं सांगायला चला, एवढा उपकार करा. पुतण्याची जीप बोलावली आणि थेट रहिमतपूरचा रस्ता धरला.

गावात पोहोचले तेव्हा उन्हं तिरकी झाली होती. ओसरीवर लालासाहेबांची आई बनाबाई बसलेली. नव्वदी ओलांडलेली, कानानं जड, नजर मात्र घारीची. लालासाहेबांनी तिच्या कानाशी वाकून सगळं ओरडून सांगितलं. पडदा, सावल्या, माफी, टाळ्या. अंगणात शेजारीपाजारी गोळा झाले. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"एवढं कराडला जायाचं कशाला?" ती म्हणाली. "मला इचारायचं. माझा नवरा लय खोटं बोलायचा. बाजारातनं येताना बोलायचा, तमाशाला जाऊन आल्यावर बोलायचा. पर घड्याळाबाबत न्हाई."

अख्खं अंगण हसलं. गुणाक्का तर इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

मग बनाबाईनं त्यांना जवळ बसवलं, हात हातात घेऊन बोटं उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "जेवलीस का, बाय?"

"सकाळी. आता... आमी दिवस मावळल्यावर जेवत न्हाई, आज्जी. राहू दे."

बनाबाईनं आकाशाकडं बघितलं. मग लष्करी अधिकाऱ्याच्या आवाजात सुनेला हाक मारली. "आगं, चूल पेटीव! बाई उपाशी जायाची! कांदा-लसूण घालू नगा, जैनाची हाय!"

त्यानंतर त्या घरात जी पळापळ झाली ती गाव अजून सांगतं. सून भाकरी थापायला बसली. लालासाहेबांनी स्वतः दह्याचं मडकं आणलं. शेजारणीनं बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी पाट्यावर रगडली. पोलीस भरतीसाठी रोज सकाळी पळणारी शिवांजली गच्चीवर चढून उभी राहिली आणि मावळत्या सूर्याकडं बघत तिथून ओरडून सांगू लागली, "हाय अजून! डोंगराला टेकलाय! अर्धा ऱ्हायलाय!"

पहिली भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली. गुणाक्कांनी हात धुतले, ओसरीवर मांडी घातली आणि गरम भाकरीचा पापुद्रा मोडून दह्यात बुडवला. पहिला घास तोंडात गेला तसा शिवांजलीनं वरून आरोळी ठोकली, "अजून दिसतोय, अक्का! सावकास जेवा!"